रविवारचा रस्सा, बुधवारचे दुखणे

सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास कर्जतहून नेरळकडे किंवा खोपोलीकडे जाताना कुठल्याही आडरस्त्याला वळा. शनिवार-रविवार गजबजलेली फार्महाऊसे आता शांत असतात. गाड्या मुंबई-पुण्याकडे परतलेल्या असतात, राखणदार अंगण झाडत असतो आणि फाटकाबाहेर गाठ मारून ठेवलेल्या काळ्या पिशव्यांभोवती चार-सहा कुत्री जमलेली असतात. त्या गाठीने कुत्री काही अडत नाहीत. पिशवीतून बाहेर पडते ते दर आठवड्याला साधारण तेच असते. बिर्याणीचा तळ, मटणाचा रस्सा पिऊन मऊ झालेले पाव, ताटातल्या कांद्याच्या चकत्या, उरलेली पावभाजी आणि पावसाळा असेल तर दाणे खाऊन फेकलेले मक्याचे दांडे.

काही घरांत हेच अधिक मायेने होते. निघण्यापूर्वी एक पातेले मुद्दाम भरून बाहेर ठेवले जाते. हाडे नकोत म्हणून त्यात भाज्याच घातल्या जातात, कारण भाजी म्हणजे पौष्टिक, निदान निरुपद्रवी तरी, असा आपला पक्का समज आहे. घरचा पाळलेला कुत्राही वीकेंडला सोबत आलेला असतो, त्यालाही पंगतीत चार घास मिळतात. या समजाचे आणि या पातेल्याचे काय होते, ते पाहण्याची वेळ आता आली आहे. त्याचे एक कारण न्यायालयीन आहे.

भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी आधीचा, म्हणजे ११ ऑगस्टचा, दिल्ली परिसरातील सगळी कुत्री निवाऱ्यात डांबण्याचा आदेश बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री पुन्हा त्यांच्या जागी सोडावीत, रेबीज झालेली वा आक्रमक असलेली सोडू नयेत, रस्त्यावर कुठेही खायला घालू नये आणि त्यासाठी पालिकांनी ठरावीक जागा नेमून द्याव्यात, असे त्यात सांगितले. हे प्रकरण दिल्लीपुरते न ठेवता सगळ्या राज्यांना त्यात ओढले. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, एसटी स्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातून कुत्री हलवावीत आणि परत तिथे सोडू नयेत, अशीही भर पडली. कर्जत स्थानकावर वड्याच्या गाड्याभोवती घुटमळणारी कुत्री ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हा आदेश किती घरचा आहे हे सांगायला नको.

तेव्हापासून वाद चालू आहे तो 'कुठे' आणि 'कोणी' याचा. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतला विसावा नियमही जागा, वेळ आणि स्वच्छता यांबद्दल बोलतो. खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणापासून, जिने आणि येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर असावी, लहान मुले आणि वृद्ध यांची वर्दळ नसलेली वेळ निवडावी, मागे घाण राहू नये, हे सगळे रास्तच आहे. पण ताटात काय असावे हा प्रश्न कोणाच्या तोंडी नाही. उद्या कर्जत किंवा खोपोली नगर परिषदेने एखादा कोपरा नेमून दिला, तर तिथे आपण नेणार ते हेच पातेले.

कांद्यापासून सुरुवात करू, कारण आपल्या स्वयंपाकाची सुरुवातही तिथूनच होते.

कांदा, लसूण, कांद्याची पात आणि त्यांच्या कुळातल्या साऱ्या भाज्यांत गंधकयुक्त संयुगे असतात. कापताना डोळ्यांतून पाणी काढणारी आणि जेवणाला चव आणणारी ती हीच. माणसाच्या रक्ताला त्यांचा त्रास होत नाही. कुत्र्याच्या तांबड्या पेशींमध्ये अशा माऱ्यापासून बचाव करणारी यंत्रणा तोकडी आहे. कॅटालेज नावाचे विकर त्याच्या पेशींत माणसाच्या तुलनेत फारच कमी असते. परिणामी हिमोग्लोबिनची नासाडी होते, त्याचे गोळे पेशीच्या कडेला चिकटतात आणि प्लीहा अशा खराब पेशी वेचून नष्ट करू लागते. त्या गोळ्यांना 'हाइन्झ बॉडी' म्हणतात, सूक्ष्मदर्शकाखाली ते स्पष्ट दिसतात. पेशी फुटतात तेव्हा लघवी गडद, चहाच्या रंगाची होते, हिरड्या पांढुरक्या पडतात, कुत्रा धापा टाकतो, उठत नाही.

किती कांद्याने असे होते? पशुवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेला ठोकताळा असा, की शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला तर विषबाधा संभवते. आपल्याकडचे गावठी कुत्रे पंधरा किलोचे धरले, तर हा आकडा ७५ ग्रॅम येतो. म्हणजे एक मध्यम कांदा, तोही पुरता नाही. पाच किलोच्या शित्झू किंवा पॉमेरेनियनला २५ ग्रॅम पुरतात. लसूण तर वजनाला वजन कांद्याहून तिखट. आणि हे सगळे एकाच बैठकीत जायला हवे असेही नाही, रोज थोडे थोडे गेले तरी नुकसान साचत जाते.

आता पातेल्याकडे वळा. शिजवल्याने हे विष जात नाही. भाजल्याने, तळल्याने, वाळवल्याने, भुकटी केल्यानेही जात नाही. उलट पाणी उडून गेल्यामुळे ते घट्ट होते. कच्च्या कांद्यात दहातले साडेआठ-नऊ भाग पाणीच असते. बिर्याणीवर पेरलेला तळलेला कांदा मूठभर दिसतो, पण त्यात तीन-चार कांदे आटलेले असतात. सुके खोबरे, कांदा आणि लसूण भाजून केलेले वाटण हा आपल्या रश्श्याचा प्राण, त्यात तर कांदा डोळ्यांना दिसतही नाही. पावभाजी, मिसळीचा कट, वड्यातले सारण आणि त्यावरची लसणाची सुकी चटणी, नूडल्सच्या पाकिटातला मसाला, सगळीकडे तो आहे. इंटरनेटवरून उतरवलेल्या 'कुत्र्याला हे देऊ नका' छापाच्या याद्या शहरातल्या पाळीव कुत्र्यांच्या मालकांना पाठ असतात. त्यात कांदा असतोच. पण त्या याद्या ज्या स्वयंपाकघरांत तयार झाल्या तिथे कांदा कांद्यासारखा दिसतो. चॉकलेटचा तुकडा पडला तर धावाधाव करणारा माणूस मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करून त्याच कुत्र्यापुढे ठेवतो, आणि आपण काही चुकीचे करतो आहोत असे त्याला वाटत नाही.

कुत्र्याला कळत नाही का, असे कोणी विचारील. कच्चा कांदा पुढे टाकला तर बहुतेक कुत्री तो हुंगून सोडतात, हे खरे. पण रश्श्याची गोष्ट वेगळी. कोलकात्याच्या 'आयसर'मधील संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर वेगवेगळे खाणे ठेवून पाहिले. ज्याला मांसाचा वास येतो ते आधी उचलायचे, अशी ही कुत्री वागतात, त्यात प्रत्यक्ष मांस किती आहे हे ती मोजत बसत नाहीत, असे त्यांना २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. उकिरड्यावर जगणाऱ्या प्राण्याला हा हिशेब एरवी उपयोगीच पडत असणार. मटणाच्या वासाने माखलेल्या कांद्यापुढे मात्र तो फसतो.

या सगळ्यात कर्जत-खालापुरातील खरी अडचण वेळापत्रकाची आहे.

कांद्याची विषबाधा सहसा त्याच दिवशी दिसत नाही. एखादी उलटी, थोडे जुलाब होतात आणि थांबतात. तांबड्या पेशींची मोडतोड चालू राहते आणि कुत्रा खरा खचतो तो काही दिवसांनी. रविवारी दुपारी पंगत झाली, तर दुखणे उघड होते मंगळवारी, बुधवारी, कधी त्याहूनही पुढे. तोवर खायला घालणारे अंधेरीत किंवा कोथरूडला आपापल्या कामात असतात. गावचे कुत्रे कुठल्या तरी झुडपाखाली पडून राहते. फार्महाऊसवरचे पाळलेले असेल, तर ते राखणदाराच्या लक्षात येते. तो शेठना फोन करतो, "काही खात नाही, नुसता पडून आहे." शेठ विचारतात, "काल काय खाल्लं होतं?" काल त्याने दूधभात खाल्लेला असतो. रविवारच्या रश्श्याची आठवण दोघांनाही होत नाही, होण्याचे काही कारणही नसते.

पशुवैद्याकडे नेले तरी घोळ संपत नाही. या भागात, विशेषतः पावसाळ्यात आणि त्यानंतर, गोचिडांचा सुळसुळाट असतो. गोचिडांतून पसरणारा बाबेसिया हा परजीवी तांबड्या पेशीच फोडतो. पांढऱ्या हिरड्या, गडद लघवी, ग्लानी, सगळे तेच. एर्लिकियानेही कुत्रा निस्तेज होतो. भातखाचरांच्या आणि साचलेल्या पाण्याच्या मुलखात लेप्टोचाही विचार करावा लागतो, त्यातही कावीळ होऊन लघवीचा रंग बदलतो. तेव्हा डॉक्टरांनी आधी गोचीडतापाचे औषध सुरू केले तर त्यांना दोष देता येणार नाही. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर घेऊन योग्य रंगद्रव्याने पाहिला तर हाइन्झ बॉडी दिसू शकतात, चाचणी महागही नाही. पण 'तीन दिवसांपूर्वी याने कांद्याचा रस्सा भरपूर खाल्ला' हे कोणी सांगितले तरच त्या दिशेने कोणी पाहणार.

आणखी एक गोष्ट. गावच्या कुत्र्यांच्या पोटात जंत आणि अंगावर गोचीड असतात, म्हणजे त्यांचे रक्त आधीच कमी असते. पुस्तकातला अर्ध्या टक्क्याचा हिशेब धडधाकट कुत्र्याचा. अशक्त कुत्र्याच्या हाताशी तेवढी शिल्लक नसते, हे समजायला वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. त्यात कोणी अंग गरम लागते म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी दिली, तर संकट वाढते. ती गोळी जास्त झाली तर तिचाही मारा तांबड्या पेशींवर साधारण अशाच प्रकारे होतो, शिवाय यकृतावर होतो तो वेगळाच.

या विषबाधेला खास असा उतारा नाही. खाल्ल्यानंतर तास-दोन तासांच्या आत डॉक्टरांकडे पोहोचले तर उलटी करवता येते. घरी मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, त्याने रक्तातले मीठ जिवावर बेतेल इतके वाढू शकते. पुढे सलाईन, प्राणवायू आणि फारच झाले तर रक्त चढवणे, एवढेच हाती उरते. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय कर्जतहून बरेच दूर आहे. तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आणि १९६२ या क्रमांकावर बोलावता येणारी फिरती पथके मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या यांच्यासाठी उभी केलेली आहेत. म्हणूनच पातेल्यापाशीच काळजी घेणे सगळ्यात स्वस्त.

कांद्याखालोखाल या भागातला धोका मक्याचा. जूनपासून मुंबईकरांची रीघ लागते, भिवपुरीच्या, कोंडाण्याच्या वाटेवर, माथेरानच्या पायथ्याशी, खोपोलीच्या घाटरस्त्याला कोळशावर कणसे भाजली जातात. मक्याचे दाणे कुत्र्याला चालतात. दाण्यांमागचा दांडा चालत नाही. त्याला मीठ, लिंबू, लोणी यांचा वास लागलेला असतो, कुत्रा तो दोन-तीन तुकडे करून गिळतो, आणि तो पोटात विरघळत नाही. लहान आतड्यात जाऊन तो बुचासारखा बसतो. सतत उलट्या, पोट कडक, शौच बंद, आणि मग शस्त्रक्रिया. गावच्या कुत्र्यावर ती कोण करणार? एक्स-रेमध्येही हा दांडा हाडासारखा ठळक उमटत नाही, त्यामुळे निदानाला उशीर होतो. आंब्याची कोयही अशीच अडकते. यात विषबिष काही नाही, केवळ कचरा कुठे टाकायचा याचा हा प्रश्न आहे, आणि कणीस विकणाऱ्याने गाडीशेजारी झाकणाचा एक डबा ठेवला तर तो बराचसा सुटतो.

चिंचेबद्दलही बोलायला हवे. द्राक्षे आणि बेदाणे खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे पशुवैद्यांना बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होते. का होतात ते कळत नव्हते. अमेरिकेतल्या प्राणी विषबाधा केंद्राच्या डॉक्टरांना २०२१ मध्ये दुवा मिळाला तो द्राक्षांच्या बाहेर. घरी बनवलेली खेळण्याची कणीक खाऊन एक कुत्रा तसाच आजारी पडला होता, आणि त्या कणकेत टार्टारिक आम्लाचे मीठ होते. द्राक्षात हेच आम्ल असते. चिंचेतही असते, भरपूर असते, आणि चिंच खाऊन मूत्रपिंडाचा त्रास झालेल्या कुत्र्यांची नोंदही पुढे झाली. आमटीतल्या चमचाभर कोळाने काही होईल असे नाही, पण भेळेची घट्ट चटणी चाटायला देणे किंवा वाळत घातलेली चिंच कुत्र्याच्या तोंडाला लागेल अशी ठेवणे टाळावे. शंका आली तर डॉक्टरांकडे जायला थांबू नये, मूत्रपिंडाच्या बाबतीत पहिला दिवसच मोलाचा.

या मुलखाची म्हणून एक भाजी आहे ती शेवळं. पहिल्या पावसानंतर ठाकर आणि कातकरी बायका कर्जत-नेरळच्या बाजारात तिच्या जुड्या घेऊन बसतात. शेवळं नीट साफ करून, काकडाच्या आंबट फळांचा रस घालून शिजवली नाहीत तर घसा खाजतो, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत असते. ही खाज कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांची. अळू आणि सुरण यांतही तेच. आपण भाजीवर एवढे सोपस्कार करतो आणि सोललेले, कापून टाकलेले कच्चे भाग मात्र परसात भिरकावतो. ते चघळलेल्या कुत्र्याचे तोंड सुजते, लाळ गळते, तो पंजाने तोंड घासत राहतो. बहुधा तो काही तासांत सावरतो. तरीही ज्या बाईने शेवळं विकली तिला विचारले असते, तर 'कच्चं कुणाला देऊ नका' हे तिने फुकट सांगितले असते.

हिवाळ्यात पोपटीचे दिवस येतात. भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि लसूण-मसाला लावलेली कोंबडी, आणि भोवती शेकोटी. मडके उपडे केल्यावर कुत्री हजर होतातच. त्यांच्यासाठी साधे उकडलेले अंडे आणि मीठ-मसाला न लागलेला बटाटा बाजूला ठेवता येतो. शिजलेल्या कोंबडीची हाडे ठिसूळ होऊन टोकदार फुटतात, ती देऊ नयेत. कच्चे वाल तर माणसानेही खाऊ नयेत, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्ये असतात, मोड काढून, भिजवून, शिजवून ती कमी होतात. हिरवट पडलेला किंवा मोड आलेला बटाटा कुत्र्यालाही नको आणि आपल्यालाही.

मग द्यायचे काय? यादी मोठी आहे आणि स्वस्तही. लाल भोपळा, गाजर, दुधी, काकडी, फरसबी, रताळे, बीट, थोडे मटार, यांतले काहीही बिनमिठाचे, बिनफोडणीचे, उकडून कुस्करून द्यावे. उकडण्याला कारण आहे. भाजीच्या पेशींच्या भिंती कुत्र्याला फारशा पचत नाहीत, तो चावतही कमी आणि गिळतो जास्त, त्यामुळे कच्च्या गाजराचे तुकडे जसे गेले तसेच बाहेर येतात. किसून दिले तरी चालते. दुधी आणि काकडी देण्याआधी एक तुकडा आपण चाखावा. कडू दुधीने माणसांना विषबाधा होते आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही त्याबाबत सावध केले होते, ते कडूपण कुत्र्याच्या पोटात गेल्यावर गोड होत नाही. पालक अधूनमधून चालेल, मूतखड्याचा त्रास असलेल्या कुत्र्याला नको. कोबी-फ्लॉवरने वायू धरतो, आणि एका खोलीत झोपणाऱ्या मालकाला त्याची शिक्षा मिळते.

प्रमाणही सांगतो. मुख्य आहाराबाहेरचे खाणे दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांत राहावे, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. पंधरा किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण आठशे-नऊशे कॅलरी लागतात. गाजराच्या १०० ग्रॅममध्ये ४० च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दोनशे ग्रॅम ही वरची मर्यादा झाली, सुरुवात मूठभरानेच करावी, नाहीतर जुलाब होतात. फ्लॅटमध्ये राहून वजन वाढलेल्या कुत्र्याला बिस्किटाऐवजी गाजर-फरसबी देणे खरोखर उपयोगी आहे. ज्या कुत्र्याच्या बरगड्या मोजता येतात, त्याला मात्र नुसती भाजी देऊन पुण्य लाभत नाही. त्याला उष्मांक आणि प्रथिने हवीत.

इथे भात-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्यांचा विषय येतो. 'कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला धान्य पचत नाही' असे पाळीव प्राण्यांच्या महागड्या खाद्याच्या जाहिराती सुचवत असतात. ते खरे नाही. २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना केली. पिष्टमय पदार्थ पचवणारे ॲमिलेज हे विकर बनवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती आढळल्या, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणूस शेती करू लागला तसा त्याच्या उष्ट्यावर जगणारा हा प्राणीही बदलत गेला. 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशी भाताच्या वाणांची नावे ज्या गावाने शेतकऱ्यांच्या तोंडी बसवली, तिथल्या कुत्र्यांना भात पचतो याचे नवल वाटायला नको. मांजराचे तसे नाही. टॉरिन हे आवश्यक द्रव्य आणि गाजरातून मिळणारे अ जीवनसत्त्व मांजराला स्वतः तयार करता येत नाही, कुत्र्याला येते. त्यामुळे शाकाहारी सोसायट्यांत कुत्र्यांना फक्त शाकाहारी खाणे घालण्याचा आग्रह धरतात, तो कुत्र्यांच्या बाबतीत अशक्य कोटीतला नाही. पण दूध-चपाती आणि ग्लुकोज बिस्किटे हा त्याचा अर्थ नव्हे. मऊ भात, चांगली शिजलेली मूगडाळ, लाल भोपळा आणि जमेल तिथे एक अंडे, हे कुठल्याही गावात होण्यासारखे जेवण आहे. त्यात फोडणी नाही, हिंग-मिरची नाही, मीठ जवळपास नाही. आपल्याला ते बेचव लागेल. कुत्र्याची तक्रार येत नाही.

नेमलेल्या जागी असे ठरलेले जेवण ठरलेल्या वेळी मिळू लागले, तर त्याचा आणखी एक फायदा आहे. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचे लक्ष्य देशाने ठेवले आहे आणि त्यासाठी सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचावी लागते. रोज एका जागी येणारे, माणसाला सरावलेले कुत्रे लशीसाठी आणि निर्बीजीकरणासाठी हाती लागते. वीकेंडला पिशव्या फोडणारे आणि एरवी भुकेले हिंडणारे कुत्रे लागत नाही. शनिवार-रविवारच्या मेजवान्यांमागून सोमवार ते शुक्रवार उपास, या चक्राने कुत्र्यांच्या टोळ्या फाटकांभोवती जमतात, आपसांत भांडतात आणि शाळेच्या वाटेवरची मुले त्यात सापडतात. फार्महाऊसे बहुतेक ग्रामपंचायतींच्या हद्दीत आहेत, कचरा उचलण्याची सोय तुटपुंजी आहे, आणि पाहुण्यांच्या कचऱ्याचा भार गावाने किती वाहायचा हा प्रश्न ग्रामसभांनी विचारायला हरकत नाही. बंगला भाड्याने देणाऱ्याने ओल्या कचऱ्यासाठी झाकण घट्ट बसणारे पिंप ठेवावे आणि खत करण्यासाठी खड्डा खणावा, ही मागणी काही जगावेगळी नाही.

तोवर बंगल्यांच्या मालकांना दोन कामे सांगता येतील. रस्सा करायचाच आहे, तर वाटण घालण्याआधी नुसते उकडलेले मटणाचे चार बिनहाडाचे तुकडे आणि भाज्या वेगळ्या काढून ठेवायला सांगा, कुत्र्यांचे पातेले त्यातूनच भरा. आणि निघताना राखणदाराला सांगून जा, की या दोन दिवसांत कुत्र्याने काय काय खाल्ले. पुढचे चार-पाच दिवस त्याने रोज सकाळी कुत्र्याचा वरचा ओठ उचलून हिरडी पाहावी. ती गुलाबी असायला हवी. पांढरट किंवा पिवळट दिसली, लघवीचा रंग चहासारखा झाला, कुत्रा चार पावले चालून बसू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याला गाठावे आणि गोचीड दिसत असतील तर ते सांगावेच, शिवाय रविवारी रस्सा होता हेही सांगावे.